वाळू बघून येतो

मालगाडीच्या इंजिनाचे जेवढे लाड होतात तेवढे माझे माहेरीसुद्धा कधी झाले नाहीत. वरच्या तारेतली वीज मोटरींना सोसत नाही, म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर. तो तापतो, म्हणून त्यात तेल. तेल तापतं, म्हणून ते फिरवायला पंप आणि गार करायला पंखे. चाकांच्या मोटरींना वारा घालायला वेगळे ब्लोअर. ब्रेकच्या हवेत पाण्याचा थेंब राहू नये म्हणून हवा सुकवायचं यंत्र. यातलं काहीही रुसलं की समोर दिवा लागतो आणि कंट्रोल ऑफिसपर्यंत सगळे धावपळ करतात. पण हे इंजिन चालवणाऱ्याला लघवी लागते, हे मात्र कुणाच्या टाळक्यात आलं नाही. माझ्या इंजिनात संडास नव्हता. पुरुष कुठंही आडोशाला उभे राहतात. मी काय करायचं होतं?

एवढ्यावर भागत नाही. दर मिनिटाला ड्रायव्हरनं एखादी कळ हलवली नाही, तर इंजिन आधी दिवा लावतं, मग भोंगा वाजवतं आणि शेवटी स्वतःच ब्रेक लावून उभं राहतं. म्हणजे माणूस जागा आहे की मेलाय, एवढी चौकशी त्याला आहे. माझ्या ओटीपोटाची चौकशी त्याला नव्हती. मी ड्यूटीवर निघायच्या आधी पाणीच पीत नसे. मग सारखी जळजळ, सारखा ताप. डॉक्टरीणबाई सांगायच्या, भरपूर पाणी पीत जा. पिते की! आणि सोडू कुठं?

तेव्हा मी कोल्हापूर-मिरज मार्गावर असिस्टंट ड्रायव्हर होते. गाडी चालवायचे ते निवृत्तीला आलेले मिरजेचे ड्रायव्हर. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणे. त्यांच्या शेजारी बसून मी काम शिकले होते आणि त्या वर्षी उसाच्या हंगामात ड्रायव्हरच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव वर गेलं होतं. त्या खुर्चीसाठी मी चार वर्षं घासली होती.

इंजिनातून खाली उतरायचं तर वॉकी-टॉकीवर सांगावं लागतं आणि ते सगळं गार्ड, स्टेशनमास्तर, आसपासचा जो कोणी असेल तो ऐकतो. तिथं तोंड उघडायचं कसं? म्हणून आमच्यातल्या एका जुन्या असिस्टंट ताईनं शब्द काढला होता, वाळू. इंजिनाच्या चाकांजवळ वाळूच्या पेट्या असतात. रूळ निसरडे झाले की ड्रायव्हर पायानं एक पेडल दाबतो, हवेच्या जोरानं पाइपातून वाळू चाकापुढं पडते आणि चाक रुळाला धरतं. आमच्याकडं उसाच्या हंगामात ती फार लागते, कारण फाटकातून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून ऊस सांडतो, रुळावर चिरडतो आणि रूळ चिकट-बुळबुळीत होतात. वाळू ओली झाली की पाइप तुंबतो, म्हणून ती बघायचं काम असिस्टंटचंच. "वाळू बघून येतो" म्हटलं की कळणाऱ्याला कळायचं. (लिहिताना मी 'येते' लिहिते. बोलताना आम्ही कोल्हापूरच्या बायका 'येतो'च म्हणतो.) चाचा तेवढा वेळ खिडकीबाहेर तोंड करून बसायचे.

त्या दुपारी आम्हाला एका लहान स्टेशनात बाजूच्या रुळावर घेतलं, समोरून पॅसेंजर यायची होती म्हणून. माझी अवस्था सकाळपासून वाईट होती. मी वॉकी-टॉकीच्या सेटवर सांगितलं, "वाळू बघून येतो." स्टेशनमास्तर नवीन आलेलं पावणं होतं, त्याला आमचा शब्द काय माहीत? त्यानं इमानदारीत कंट्रोलला कळवलं, मालगाडीच्या वाळूत बिघाड आहे.

मी तोवर उतरून स्टेशनच्या मागं गेले होते. स्टेशनातल्या संडासाला कुलूप, आणि ज्याच्याकडं किल्ली तो जेवायला गावात गेलेला. मागं उसाचा फड होता, तोच नेहमीचा आडोसा. त्या दिवशी ऊसतोड टोळीनं सगळा फड तोडून नेला होता. लांबच्या लांब नुसते उसाचे बुडखे आणि बांधावर बसून भाकरी खाणारी माणसं. मी तशीच परत आले. आल्यावर कळलं की गाडी अडवलीय आणि वाळूची पोती घेऊन मिरजेहून फिटर निघालेत.

फिटर आले, पेट्या उघडल्या. वाळू कोरडी ठणठणीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कुणाकडंच पाहू शकले नाही, कारण तोवर व्हायचं ते झालं होतं. कमरेला ओढणी गुंडाळून मी मिरजेपर्यंत उभीच होते.

खोटा बिघाड कळवून गाडी अडवली म्हणून चौकशी लागली. आत जायच्या आधी चाचांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, वाळू ओली हुती म्हण आणि सूट की. ट्रेनिंग हातचं जाईल." पण ती वाळू भरणाऱ्या माणसाचा काय गुन्हा? आणि माझा तरी काय?

साहेबांनी विचारलं, वाळू चांगली होती तर बघायला कशाला उतरलात?

"मला लघवीला जायचं होतं, साहेब."

टाइप करणाऱ्याचे हात थांबले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे असं लिहिता येत नाही. काहीतरी तांत्रिक कारण सांगा."

माझं डोकंच फिरलं. ट्रान्सफॉर्मरचं तेल लिहिता येतं, ब्लोअरचा वारा लिहिता येतो, बाईचं मूत लिहिता येत नाही? मी सांगितलं, हेच कारण आहे, लिहायचं तर लिहा. त्यांनी लिहिलं, 'समाधानकारक खुलासा नाही.' त्या खेपेला माझं नाव कापलं गेलं. आठवड्याभरात सगळ्या स्टेशनांत सूचना लागली की वॉकी-टॉकीवर 'वाळू' हा शब्द फक्त वाळूसाठीच वापरावा. शब्दावर बंदी घालायला त्यांना आठवडा पुरला. इंजिनात संडास बसवायचं नाव कुणी काढलं नाही.

ट्रेनिंगला पुढच्या खेपेला गेले. ड्रायव्हर म्हणून पहिली मालगाडी घेऊन निघाले तेव्हा घरून पोटभर पाणी पिऊन निघाले होते. एका स्टेशनात गाडी उभी राहिली. मी सेट उचलला आणि सांगितलं, "ड्रायव्हर बोलतोय. मी लघवीला जातो. येईपर्यंत गाडी हलणार न्हाय."

सेटवर कुणीतरी फिसकन हसलं. मी परत बटण दाबलं आणि तेच, आणखी सावकाश, पुन्हा सांगितलं.