बार्शीटाकळीत मे महिन्यातली ओल

दुसऱ्या मशीनचाही दिवा पिवळा झाला, तेव्हा आमचे सर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "जेवण झालं का तुझं?"

सरांनी फोनवर जेवणाची चौकशी केली की समजायचं, आपलं काही खरं नाही.

"झालं सर."

"छान. मंग सांग. पातूरले आपलं मशीन चालते. मूर्तिजापूरले चालते. बार्शीटाकळीच्या एकाच घरात लागोपाठ दोन मशीन कायले मरते? तू तिथं सर्व्हिसिंग करून राहिली का मशीनले दृष्ट लावून राहिली?"

मला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना बोलायची सवय मला नाही. सर म्हणतात, आहे. असो.

मी बायोमेडिकल सर्व्हिस इंजिनिअर आहे. डॉक्टर माणसं तपासतात, मी डॉक्टरांची मशीनं तपासते. आमचं ऑफिस अमरावतीला, मी अकोल्यात राहून जिल्हा सांभाळते. स्कूटीवर बॅग लावून दारात उभी राहिले की लोक माझ्या खांद्यावरून मागे बघतात, इंजिनिअर कुठे राहिला म्हणून. आता मीही मागे वळून बघते आणि म्हणते, "नाही आला वाटतं, चला मीच करते."

तर हे मशीन म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. चाकं लावलेल्या सुटकेसएवढा डबा. आपल्या साध्या हवेत नायट्रोजन जास्त आणि ऑक्सिजन कमी असतो. डब्यात झिओलाइटचे पांढरे दाणे भरलेले असतात, साबुदाण्यासारखे. ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन नळीतून पुढे जातो. दिवा हिरवा असला तर ऑक्सिजन चांगला. पिवळा झाला तर शुद्धता कमी पडतेय. लाल झाला तर पेशंटला सिलिंडरवर घ्या आणि मला फोन करा. या दाण्यांचा एकच शत्रू, ओल. ओल लागली की ते नायट्रोजन सोडून देतात आणि पाणी धरून बसतात.

आणि त्या घरातली पेशंट होती ओवी. वय दीड वर्ष. दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्मली, त्यामुळे फुप्फुसं कच्ची राहिली. पहिला वाढदिवस दवाखान्यात झाला, केक सिस्टरांनी खाल्ला. मग डॉक्टरांनी घरी सोडलं, पण नाकात नळी आणि शेजारी मशीन या अटीवर. फुप्फुसं हळूहळू भरत होती. तोवर तिला ऑक्सिजन कमी पडून चालणार नव्हतं, आणि दवाखान्यातल्या खोकणाऱ्या पोरांमध्ये परत जाणं तर त्याहून नको होतं.

ओवीला यातलं काही मान्य नव्हतं. तिच्या मते ती नळी हे खेळणं होतं. नाकातून ओढायची, बाहुलीला लावायची, बाहुलीचा कंटाळा आला की आजोबांना. आजोबा नळी लावून गंभीर चेहऱ्यानं बसायचे. तिची आई प्रणाली धावत यायची आणि दोघांनाही रागवायची. ओवीचे वडील नांदगाव पेठेच्या कापडाच्या कंपनीत, सुट्टीच्या दिवशी घरी.

पहिलं मशीन बंद पडलं तेव्हा मी ते ऑफिसात उघडलं होतं. दाण्यांच्या नळकांड्याच्या तोंडाशी पांढरी भुकटी ओली होऊन चिकटलेली. म्हणजे ओल. पण बार्शीटाकळीत, मे महिन्यात, ओल? तिथं कपडे वाळत घालायला दोरीपर्यंत पोचेस्तोवर अर्धे वाळतात.

सरांचा फोन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. आदल्या दिवशी फोन करून कळवलं होतं, तशी आमची पद्धतच आहे. उन्हाळ्यात आम्ही सगळ्या व्हिजिटा सकाळीच उरकतो. दुपारी बाहेर पडलं की मशीनच्या आधी इंजिनिअर बिघडतो.

घर कसं लखलखीत. समोरच्या खोलीत पंख्याखाली मशीन उभं, भिंतीपासून हातभर लांब, पुसून चकचकीत. ओवीला नवा फ्रॉक, गालावर पावडर, पावडरीवर नळीची चिकटपट्टी. माझ्यासाठी पोहे. आजोबा इस्त्रीच्या शर्टात. त्यांना सगळे आबा म्हणतात. एस्टीत ड्रायव्हर होते, रिटायर झाले, पण बोलताना डावा हात अजून गिअर टाकतो.

मी मीटर लावून शुद्धता मोजली. बरीच खाली होती. फिल्टर पाहिला, स्वच्छ. व्होल्टेज पाहिलं, ठीक.

"आबा, मशीनले कुठून ओल लागते का?"

"ओल?" आबा हसायलाच लागले. "मॅडम, अठी लोकायच्या तोंडाले कोरड पडली, अन् तुमी मशीनची ओल पुसता?"

मग राहिली एकच जागा. मशीनला पाण्याची एक छोटी बाटली असते. कोरड्या ऑक्सिजननं नाक सुकू नये म्हणून तो त्या पाण्यातून बुडबुडे काढत जातो. बाटली वरपर्यंत भरली किंवा आडवी झाली तर घोळ होऊ शकतो. मी प्रणालीला विचारलं, बाटली खुणेच्या वर भरता का?

झालं. पोरगी भडकली.

"मॅडम, त्या बाटलीतलं पानी मी डोळ्यात तेल घालून पायतो. रेघेच्या वर एक थेंब नाई. तुमचं मशीन खराब निंगते अन् नाव माह्यं?"

"नाव नाही घेत, विचारून राहिली मी."

"तुमचं विचारनं होते, पन मले डॉक्टर काय म्हनले ठाव आहे? म्हनले, आता एक डाव जरी मशीन बिघडलं तं पोरीले उन्हाळाभर ॲडमिट करा." तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "मी त्या वॉर्डात पोरीले परत नाई नेत, मॅडम. तिथं बाजूच्या खाटेवरचं लेकरू खोकललं का मले धडकी भरे. नाई नेत म्हनजे नाई नेत."

पोह्यांची प्लेट बाजूला ठेवली. ऑफिसातलं शेवटचं डेमो मशीन त्या दिवशी ऑफिसच्या गाडीत घालून आणलं होतं, ते लावलं, हिरवा दिवा दाखवला आणि सटकले.

थोड्या दिवसांत तोही दिवा पिवळा.

सर म्हणाले, "जेवण झालं का?"

"सर, राहू द्या जेवण."

"ऐक मग. उद्या जा, मशीन उचलून आण. डिपॉझिट परत देऊ. त्यायले म्हना, दुसऱ्या कंपनीचं घ्या. कंपनीवाले मले विचारतात, तुमच्याकडे मशीन कायनं धुता?"

"सर, पोरीला ॲडमिट करतील."

"मंग कारण शोध! कारण सापडत नाई अन् मशीन मागते."

बरोबरच होतं त्यांचं, म्हणून जास्त राग आला. उद्या मशीन न्यायला येते हे प्रणालीला फोनवर सांगायला हवं होतं. तिचा नंबर काढला, ठेवला. पुन्हा काढला. तिचं ते "नाई नेत म्हनजे नाई नेत" कानात. म्हटलं, हे फोनवर सांगायची आपली छाती नाही, समोर जाऊन शिव्या खाऊ. आणि उद्या कशाला, आत्ताच. डोक्याला स्कार्फ गुंडाळला, स्कूटीच्या तापलेल्या सीटवर ओला रुमाल टाकला आणि भर दुपारी अकोल्याहून बार्शीटाकळीला निघाले. रस्त्यावर मी आणि एक म्हैस. ती पण सावलीत.

दार नुसतं लोटलेलं होतं. समोरच्या खोलीत कोणी नाही. मशीनही नाही. आतून घुर्रर्र आवाज येत होता. मी हाक मारत आतल्या खोलीच्या दारात गेले आणि तिथंच थबकले.

खिडकीत कूलर. आपल्याकडे असतो तसा, पत्र्याचा, गवताच्या जाळ्यांचा, पाणी भरून धाडधाड चालणारा. अगदी त्याच्या तोंडासमोर आमचं मशीन. कूलरच्या वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार थेट त्याच्या अंगावर. वर आबांचा दुपट्टा, भिजवून, पिळून, नीट गुंडाळलेला, उन्हात निघताना माणसाच्या डोक्याला बांधतात तसा. फक्त दिवा दिसावा म्हणून तेवढी जागा उघडी. कोपऱ्यात ओवी झोपलेली, नाकातली नळी सिलिंडरला लावलेली. आणि आबा, ओवीची आजी, प्रणाली तिघंही पलीकडच्या तापलेल्या भिंतीला टेकून पेपरानं वारा घेत बसलेले. घरातला एकुलता एक कूलर, तो मशीनला. जावयाचं कोणी एवढं करत नाही.

आबा बनियनवर होते. घाईनं शर्ट शोधायला लागले.

"मॅडम! अवं, फोन तं करायचा!"

"आबा, हे काय आहे?"

"कूलर."

"ते दिसते मले! मशीन त्याच्यापुढे काहून?"

"मंग कुठी ठेवू?" आबांनाच माझं आश्चर्य वाटलं. "त्याच्या पाठीले हात लावून पाहा, भट्टी होते नुसती. दिवसरात चालते बिचारं. एस्टीचं इंजिन तापलं का मी गाडी बाजूले घेवो, बोनेट उघडो, पानी मारो. पुऱ्या नोकरीत एक इंजिन बसू देलं नाई मी. अन् हे तं माह्या नातीचं इंजिन आहे."

"आणि मी येते तेव्हा हे पुढच्या खोलीत असते ते?"

आता आजी बोलल्या. "तुमी येनार म्हनल्यावर आवरून ठेवतो ना बाप्पा! असा पसारा दाखवाव का पाव्हन्याले? आबा सकाळीच ढकलत नेतात तिकडं."

मी त्यांच्याच भिंतीला टेकून खाली बसले. म्हणजे मी फोन करून यायची, हे लोक माझ्यासाठी पुरावा पुसून ठेवायचे आणि वर पोहे खाऊ घालायचे. मी म्हटलं, "आबा, एस्टीचं इंजिन पाणी पिते. हे मशीन पाण्यानं मरते. तुम्ही तीन मशीनं थंडाई पाजून मारले." आणि मला हसू फुटलं. रागही होता, पण हसू आधी आलं.

प्रणाली हसली नाही. ती पांढरी पडली. "म्हनजे आमच्यानंच झालं? तिचा ऑक्सिजन आमीच कमी करून राहिलो होतो?"

माझं हसू जागच्या जागी विरलं. तिच्याजवळ सरकले. म्हटलं, "दिवा पिवळा झाला का लालची वाट न पाहता तू तिला लगेच सिलिंडरवर घेत होती ना? मग पोरीला काही कमी पडलं नाही. आणि ऐक, माझ्या आजवरच्या नोकरीत मशीनला स्वतःचा कूलर देणारं घर मी पाहिलं नाही." हे मी धीर द्यायला म्हणत नव्हते. त्या भिंतीला टेकले होते, पाठ भाजत होती, आणि हे तिघं रोज दुपारी असं बसत होते. आजींनी पाणी दिलं, ते गटागटा प्यायले आणि सरांना फोन लावला.

"सर, ओल सापडली. मशीन कूलरपुढे होतं."

"किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून. वर ओला दुपट्टा."

सर म्हणाले, "अरे बाप्पा," आणि असे हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. आबांनी विचारलं, "काय म्हनतात साहेब?" मी म्हटलं, "तुमची तारीफ करून राहिले."

सरांनी त्याच दिवशी नवीन दाण्यांचं मशीन काढलं, पण अमरावतीहून आणणार कोण? आबा म्हणाले, ते माह्यावर सोडा. त्यांनी आपल्या जुन्या जोडीदाराला फोन केला, आणि मशीन एस्टीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून अकोल्याला आलं. आबा स्वतः स्टँडवर घ्यायला गेले. तोवर ओवी सिलिंडरवर.

मग माझी खरी परीक्षा झाली. मशीन आता पुढच्या खोलीत राहील, लांब नळी दाराखालून आत येईल आणि कूलर माणसांसाठी, असं मी सांगितलं. आबांना ते पचेना.

"म्हनजे ते उकाड्यात कामाले, अन् आमी थंड्या हवेत?"

"हो."

"हे काई बरं नाई वाटत, मॅडम."

"आबा, ते मशीन आहे!"

"ते समजते मले. तरी."

शेवटी टेबल फॅनवर तडजोड झाली. कोरड्या हवेला माझी हरकत नव्हती. आबा दिवसातून कितीदा तरी त्याच्या पाठीला हात लावून येत, पण दुपट्टा स्वतःच्याच डोक्याला. दिवा उन्हाळाभर हिरवा राहिला. डॉक्टरांनी ॲडमिटचं नाव काढलं नाही. तेव्हापासून मी घरच्या मशीनच्या व्हिजिटला फोन करून जात नाही. लोक चिडतात, बनियनवर सापडतात, पोहेही मिळत नाहीत. पण मशीन कुठं असतं ते कळतं.

दिवाळीच्या आधी प्रणालीचा फोन आला. नळी काढली, डॉक्टरांनी नको म्हटलं, मशीन घेऊन जा.

मी ऑफिसची गाडी घेऊन गेले तेव्हा ओवी घरभर चालत होती. आतल्या खोलीतून तुरुतुरु यायची, समोरच्या दाराच्या उंबऱ्यापाशी थांबायची आणि मागे वळायची. पुन्हा यायची, पुन्हा तिथंच वळायची. प्रणाली हळूच म्हणाली, "नळी तठीलोकच पुरे ना. चालाले लागली तवापासून तिची दुनिया तेवढीच आहे."

आबा अंगणात जाऊन उकिडवे बसले. हात पसरले. "ये वं माय. ये. आता कोनी ओढत नाई मांगं."

ओवी उंबऱ्यापाशी थांबली. नाकाला हात लावून पाहिला. मागे वळून जमिनीवर पाहिलं, नळी येतेय का. मग एक पाय बाहेर टाकला, वाट पाहिली, दुसरा टाकला आणि आबांना चुकवून थेट फाटकाकडे पळाली.

तिच्या मागं आबा, आबांमागं आजी, त्यांच्यामागं प्रणाली, चप्पल न घालता. मशीन गाडीत चढवायला हात लावायला घरात कुणीच उरलं नाही. मी एकटीनंच उचललं. चांगलं जड असतं ते.