मागचे दोन टायर

माझ्या संसारात मी सगळ्यात जास्त कशाबद्दल ऐकलं असेल, तर टायरबद्दल. सोन्याबद्दल नाही, साड्यांबद्दल नाही, पोरींच्या लग्नांबद्दलसुद्धा इतकं नाही. आमची एक गाडी होती, मागे उघडा हौदा असलेली. आता तिला पिकअप म्हणतात, आम्ही नुसतं गाडी म्हणायचो. खामगावातल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं वापरून वापरून बाजूला टाकलेली ती आमच्या घरधन्यांनी घेतली, आणि पिंपळगाव राजाकडची वांगी-मिरची भरून कधी अकोल्याला, कधी मलकापूरला न्यायचा धंदा सुरू केला. महाराष्ट्र नवा होता, सडकेवरचं डांबर नवं होतं, जुनी होती ती आमची गाडी. आणि तिचं रोज काहीतरी दुखायचं.

खामगावच्या वेशीबाहेर सडकेला लागून आमचं घर. गाडी दारात उभी राहिली की हे उतरून आधी चाकांकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण दिसत तर होतंच.

त्या उन्हाळ्यात चारही टायर पार गुळगुळीत झाले. मागच्या एकाच्या तर आतले धागे दिसायला लागले. नवे टायर घ्यायचे ठरलं, आणि आमच्या दारात पंचायत भरली. ज्यांनी जन्मात बैलबंडीशिवाय काही हाकलं नव्हतं, तेही येऊन टायरला लाथ मारून बघायचे आणि तोंड वाकडं करायचे. लाथ मारल्यानं टायरचं काय कळतं, ते मला अजून उमगलेलं नाही. मी पायरीवर तूर निवडत बसायची आणि चहा देत राहायची. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं चालायचं सगळं. ऐकून ऐकून मलाच पाठ झालं होतं. टायर दोन जातीचे. एक सडकेचा, त्यावर लांब रेघा; डांबरावर गुपचूप चालतो, लवकर झिजत नाही. दुसरा गुटक्यांचा, त्यावर रबराचे जाड ठोकळे. चिखलात पाय रोवतो, पण डांबरावर गुरगुरतो, पेट्रोल खातो आणि झिजून जातो.

"सडकेची गाडी हाये, सडकेचेच टायर टाक," एक म्हणायचा.

"अन् पावसात माल भराले वावरात उतरला म्हंजे?"

"तो कायले उतरते वावरात? शेतकरी बंडीनं माल सडकेवर आणून देते न बे."

हे खरंच होतं. गाडीला सडक सोडून खाली उतरायचं काही कारण नव्हतं. एकच होतं, आणि ते म्हणजे माझं माहेर. त्या पंचायतीत ते कुणी बोललं नाही. यांना ते आठवत नव्हतं असं नाही.

माझं माहेर रोहिणखेडच्या अंगाला, सडकेपासून बरंच आत. मधली सगळी वाट काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती विटेसारखी टणक असते, पावसाळ्यात मात्र जी चिकटते ती सोडतच नाही. तिथं माझी माय एकटी राहायची. वडील केव्हाच गेले होते, आणि मी तिची एकुलती एक. वावर बटाईनं, अर्ध्या वाट्यानं दिलेलं. तिला दमा होता, आणि तो पाऊस लागला की उचल खायचा. म्हणजे ज्या दिवसांत मी तिच्याजवळ असायला पाहिजे, नेमकी त्याच दिवसांत वाट बंद.

"मग तिलाच इकडं आणून ठेव," असं मला सगळे सांगायचे. सांगणाऱ्यांना माय माहीत नव्हती. लेकीच्या घरी राहू नये, तिथलं अन्न खाऊ नये, पाणीही पिऊ नये, ही जुनी रीत. बाकीच्यांनी ती कधीच गुंडाळून ठेवली होती. मायनं नव्हती ठेवली. माझ्याकडे आली तर ओट्यावर टेकायची, पोरींच्या गालावरून हात फिरवायची आणि कोरड्या तोंडानं परत जायची.

आदल्या पावसाळ्यात आम्ही निघालो होतो. सडक सोडली आणि नाल्याच्या थोडं अलीकडे मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. रेघांमध्ये माती भरून टायर लाटण्यासारखे झाले होते. नाल्यापलीकडे मायच्या घराचे टिनपत्रे दिसत होते. ती डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन दारात उभी होती, तेही दिसत होतं. मी म्हटलं, मी चालत जाते. चार पावलांत चपला गेल्या त्या गेल्याच, आणि मग पाय गुडघ्यापर्यंत. शेवटी कुणाचे तरी बैल आणून गाडी मागे ओढून काढली. हौद्यात मिरची होती, ती अकोल्याला पोचायला हवी होती. आम्ही परत फिरलो. माय हात हलवत होती. ये म्हणत होती की जा म्हणत होती, ते इतक्या लांबून कळलं नाही.

म्हणून टायर आणायला हे निघाले तेव्हा मी पदर खोचून म्हटलं, "मीबी येतो."

"तू कायले?"

"पाह्याले. कसे असते ते."

दुकानदार मुसलमान होता, ओळखीचा. टायरच्याच चळतीवर बसलेला. मला बघून उठला, एका खोक्यावरची धूळ पुसून म्हणाला, "बसा भाभी." मग यांच्याकडे वळला. "पहिले सांगा, गाडी चालते कोठं?"

"सडकेवर," हे म्हणाले.

"अन् पावसात माह्या माहेरी," मी म्हटलं.

"तिथं जात नाई. फसते."

"फसते म्हनून तं आलो इथं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. परक्या माणसासमोर मी नवऱ्याला असं कधी बोलले नव्हते, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. थकले होते मी. तूर निवडत त्या पंचायतीचं ऐकून थकले होते.

दुकानदारानं आतून एक तिसराच टायर लोटत आणला. मधोमध रेघा, कडेनं गुटके. "हा दोन्हीकडचा," तो म्हणाला.

यांनी तो निरखून पाहिला. "म्हंजे सडकेवर अर्धा अन् चिखलात अर्धा."

"तसंच समजा. सडकेवर आवाज करीन, कडा लवकर घासतीन, हे आत्ताच सांगून ठेवतो. मंग मले शिव्या द्याले येऊ नोका."

मग यांनीही टायरला एक लाथ मारली. "मागचे दोन हे द्या," म्हणाले. "जोर मागच्याच चाकांवर असते. पुढचे सडकेचे."

घरी दारात उतरताना म्हणाले, "आवाज झाला तं मले म्हनू नको."

आवाज झाला. गाडी डांबरावर आली की भुंग्यासारखी गुणगुणायची. फाट्यापाशी असतानाच घरात कळायचं, आणि मी चहा ठेवायची. पंचायतीतले लोक हसायचे. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा टायर, म्हणायचे. हे अकोल्याहून आले की कान दाबत बसायचे. त्यांचं डोकं खरंच दुखायचं, आणि तरी ते मला काही म्हणायचे नाहीत. त्यानं मला अधिकच जड वाटायचं.

पाऊस लागला तसे आम्ही निघालो. सडक सोडली, गाडी एकदा डगमगली, मागची चाकं थोडी घसरली, आणि मग गुटक्यांनी माती धरली. चिखलाचे गोळे उडत होते. नाला ओलांडून आम्ही मायच्या दारात जाऊन उभे राहिलो, तेव्हा तिच्या भिंतीवर चिखलाचा पट्टा उमटला. मला इतका आनंद झाला की मी खाली उतरायचंच विसरले.

पण माय दारात आली नाही. आत उकिडवी बसून श्वास ओढत होती.

"मामी, चाला दवाखान्यात," हे सासूला म्हणाले आणि तिला उचलूनच गाडीत ठेवलं. संध्याकाळी परत यायचं, या बोलीवर ती आली. डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, ओल्या घरात एकटीला पाठवू नका. अशी माय माझ्या घरी आली.

आली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली. मी पाणी नेलं. तिनं मान हलवली. गोळी घ्यायची होती, तीही कोरडीच गिळली. मी विनवलं, रडले. शेजारीण म्हणाली, "एक पैसा द्या लेकीच्या हातावर, अन् इकत घेतलं समजून प्या."

"लेकीच्या घरी पानी इकत घेऊ?" माय धापा टाकत म्हणाली. "लेक माही हाये का दुकानदारीन?"

मला तिचा भयंकर राग आला. जन्मभर जिच्यासाठी जीव तुटला ती माझ्या घरात, माझ्या खाटेवर, आणि माझ्या हातचं पाणी तिला चालत नाही. मी तांब्या आपटला. हे दाराशी उभे राहून बघत होते. आत गेले, पितळी हंडा घेतला, त्याच्या तोंडाला फडकं बांधलं, हंडा हौद्यात ठेवला आणि गाडी चालू करून निघून गेले.

दिवे लागायच्या सुमाराला ती गुणगुण ऐकू आली. माझ्याआधी मायनं ऐकली. हे कानापर्यंत चिखलानं माखले होते. "तुमच्या इहिरीचं हाये मामी," म्हणाले. हंडा अर्धा हिंदकळून सांडला होता. माय उठून बसली आणि दोन तांबे पाणी प्यायली. मग म्हणाली, "जवारी माही पोत्यात पडली हाये. तेबी आनता आलं असतं."

तो सगळा पावसाळा तसा गेला. चूल माझी, ज्वारी, मीठ, पाणी तिचं. पिंपळगावला माल भरायला गेले की हे पुढं रोहिणखेडकडे वळायचे, काळ्या मातीत उतरायचे आणि हंडा भरून आणायचे. सडकेवर लोक म्हणायचे, जावई पाणक्या झाला. हे नुसते हो म्हणायचे. आठवड्याच्या शेवटी बसल्या जागी झोपायचे. मीही दमून जायची; मायचा दमा, पोरी, चूल, दोन वेगळ्या भाकरी. एकदा मी वैतागून म्हटलं, "आपल्याच इहिरीचं पानी हंड्यात भरून ठेवू. तिले काय समजते?"

हे जेवता जेवता थांबले. "समजनार नाई," म्हणाले. "मले समजीन न."

आणि रोज कधीतरी खाटेवरून मायचा आवाज यायचा, "आले जावाई." मी कान द्यायची. मला अजून काही ऐकू आलेलं नसायचं. मग थोड्या वेळानं दूरवर गुणगुण सुरू व्हायची.

दिवाळी झाली, थंडी पडली. माय म्हणाली, "आता वाट वाळली. मले नेऊन घाला." आम्ही अडवलं, पण ती ऐकणारी नव्हती. लेकीच्या दारात जीव जाऊ नये, हे तिच्या मनात होतं. ती ते बोलली नाही, मी विचारलं नाही. गाडी खाली उतरली तेव्हा माती वाळून कडक झाली होती, भेगा पडल्या होत्या. त्या दिवशी कोणतेही टायर चालले असते.

मी तिच्याजवळ राहिले. संक्रांतीच्या आधी ती गेली. शेवटचं पाणी मीच तिच्या तोंडात घातलं. तिच्या विहिरीचं, तिच्या घरात, म्हणून तिनं ते माझ्या हातून घेतलं. हे एवढं मला मिळालं.

पुढच्या उन्हाळ्यात मागचे टायर संपले. दुकानदारानं सांगितलं होतं तसेच. मधल्या रेघा शाबूत, कडेचे गुटके घासून सपाट. या खेपेला दारात पंचायत भरली नाही. मी पायरीवर तूर निवडत होते. हे गाडीत बसता बसता थांबले आणि माझ्याजवळ आले.

"मागचे कोनते टाकू?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत गाडीतलं काही त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं.

"सडकेचे टाका," मी म्हटलं.

"दोन्हीकडचे भेटते अजून. मी तेच आननार होतो," म्हणाले.

"कायले? डोकं दुखते तुमचं."

ते गेले. संध्याकाळी मी चुलीपाशी होते. अधूनमधून थांबून कान देत होते, आणि काहीच येत नव्हतं म्हणून चहा ठेवला नव्हता. इतक्यात दारात कुणी खाकरलं आणि मी दचकले. हेच होते. गाडी केव्हाची अंगणात येऊन उभी होती, आणि मला ऐकूच आलं नव्हतं.