व्हॅनचं पोट बघणारी मावशी

“आधी पोट दाखव,” मावशी म्हणायची. जयभीम वगैरे नंतर. व्हॅन दुकानात शिरून इंजिन बंद झालं की ती पदर खोचून उतरायची आणि लिफ्टकडे बोट करायची. गाडी वर चढली की खाली जाऊन, मान मागे टाकून बघत राहायची. गाडीवाली माणसं तुम्हीही बघितली असतील. ती बॉनेटवरून हात फिरवतात, आरशात भांग नीट करतात. गाडीच्या पोटाखाली शिरणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

माझं दुकान काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत. गाडीच्या तळाला गंज चढू नये म्हणून काळ्या रबरी कोटिंगचा फवारा मारायचा, हा धंदा. ऐकायला सोपं वाटतं. आधी तळ प्रेशरने धुवायचा, पुरता वाळवायचा, गंज दिसेल तिथं तारेच्या ब्रशने घासून पत्रा स्वच्छ करायचा, सायलेन्सरला आणि ब्रेकला कागद गुंडाळायचा, मग फवारा. वाळवण्यात घाई केली की केलेलं सगळं पाण्यात. गिऱ्हाइकाला नेमकी तिथंच घाई असते. मावशीला नसायची. ती स्टुलावर बसून डबा उघडायची, मलाही भाकरी-ठेचा द्यायची आणि मध्येच म्हणायची, “त्या कोपऱ्यात राहिलं बघ, लेकरा.”

“मावशी, धंदा माझा आहे.”

“हौ, पण गाडी माझी आहे ना.”

मावशी मूळची हिंगोलीकडची. लग्न होऊन हैदराबादला आली, नवरा लवकर वारला. आबिड्सच्या एका ऑफिसात शिपाई म्हणून लागली आणि क्लार्क होऊन रिटायर झाली. रिटायर झाल्यावर माणसं आराम करतात. ही ड्रायव्हिंग शिकली आणि आठ माणसांची जुनी व्हॅन घेऊन आली. मुलगा पुण्याला कंप्युटरमध्ये. तो फोनवर म्हणाला, आई, या वयात कशाला? ही म्हणाली, नागपूरला जायला.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, हा तिच्या वस्तीचा नेम. पण त्या दिवसांत रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. तरणी पोरं लटकून जायची, म्हाताऱ्या घरी राहायच्या. मावशी या म्हाताऱ्यांना घेऊन जायला लागली. त्या सात जणी, आणि चालवायला आठवी ती. एकीला गाडी लागायची, एकीला सारखं उतरायचं असायचं, आणि एक हैदराबादपासून नागपूरपर्यंत फक्त “हळू चालव गं” एवढंच म्हणायची. वैताग यायचा म्हणे. “पण तिथं पोचलो की साती जणी गप होतात बघ,” मावशी सांगायची. “मला तेवढंच पाहिजे.”

म्हणून व्हॅनची एवढी निगा. पावसाळ्याआधी कोटिंग, दसऱ्याआधी तपासणी, यात कधी खंड नाही. एका वर्षी तपासणीला आली ती म्हणाली, “मागच्या सीटखाली पायाला मऊ लागायलंय. बघ बरं.”

गाडी वर घेतली. पोट काळंभोर, एक ओरखडा नाही. मावशी खूश. मी अंगठ्याने दाबलं तर पत्रा भिजल्या पापडासारखा आत गेला. कोटिंग शाबूत होतं, पत्राच उरला नव्हता.

गाडी खाली घेऊन आतलं रबरी मॅटिंग उचललं. खाली पाणी साचलेलं आणि गंजाचा लाल चिखल.

“मावशी, आत पाणी कसं?”

“धुते ना मी. कोणी ओकतं, कोणी भात सांडतं. कुठं जाऊन आले की दोन बादल्या पाणी, साबण, खराटा. घरासारखी ठेवलीय.” हे तिनं अभिमानानं सांगितलं.

मी कपाळाला हात लावला. पाणी खालून लागू नये म्हणून मी कोटिंग मारत होतो आणि ही वरून बादल्या ओतत होती. त्या पाण्याला खाली निघून जायला वाट म्हणून नव्हती. बरं, दोष तरी काय द्यायचा? आपल्याकडे स्वच्छ करणं म्हणजे पाणी ओतणं. पण आता इलाज करायचा होता, आणि दसरा तोंडावर आला होता.

“अजून एक हात काळं मार,” मावशी म्हणाली. “एवढी एक खेप होऊ दे.”

“सीटचे बोल्ट याच पत्र्यात आहेत. हायवेवर जोराचा ब्रेक लागला तर सीट म्हातारीसकट सुटेल.”

“कोणाला दिसणार नाही.”

“म्हणूनच मारणार नाही.”

“मग इतकी वर्षं काय मारलंस? नुसतं काळं?”

आता मीही तापट माणूस. मी म्हणालो, “माझ्या आईला मी या गाडीत बसवणार नाही. तुम्हाला बसवायचं असेल तर दुसरं दुकान बघा.”

 ती लिफ्टच्या खांबाला टेकली. मग म्हणाली, “त्यांना सांगून ठेवलंय रे. एकीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. म्हणते, यंदा नीट दिसेल.”

तळ कापून नवा पत्रा जोडायचा होता. माझा वेल्डर म्हणाला, दसऱ्याआधी जमणार नाही. मी आणखी दोघांना विचारलं, तेही नको म्हणाले; पूजेच्या दिवशी ज्याला त्याला आपली गाडी दारात हवी असते. मावशी दुसऱ्या दिवशी आली ती सगळं उरकूनच. “भाड्याची गाडी ठरवली. एवढीच, आठाची. म्हाताऱ्या जायच्या. तू हिचं काम सावकाश कर.” मला हायसं वाटलं.

दसऱ्याला सकाळी मी कॉम्प्रेसरला आणि स्प्रे गनला झेंडूच्या माळा घालत होतो. मावशी दारात. पांढरी साडी, केस नीट विंचरलेले.

“तुम्ही इथं कशा?”

“गाडी बघायला आले.”

“आणि नागपूर?”

“भाड्याच्या गाडीला ड्रायव्हर असतो, लेकरा. माझ्या जागेवर तो बसला.”

“मग रेल्वेनं जायचं होतं.”

“माझेही गुडघे आता त्यांच्यासारखेच झालेत.”

मी म्हणालो, त्यांच्यातली एखादी पुढच्या वर्षी गेली असती.

“कोणती?” ती म्हणाली. “तूच सांग, कोणाला उतरवू?”

मी हातातली माळ कॉम्प्रेसरला बांधली.

पुढचा दसरा मावशीला मिळाला नाही. दिवाळीनंतर व्हॅन नव्या तळाची होऊन गेली. मावशीनं ती थोडे महिने चालवली, आत ओलं फडकंसुद्धा नेलं नाही, आणि उन्हाळ्यात एका सकाळी मावशी वारली. म्हाताऱ्यांना आता तिचा भाचा नेतो. मी त्या वेळी नाही म्हणालो ते बरोबरच होतं. आजही तेच म्हणेन. तरी त्या वर्षी तिनं नागपूरला जायला हवं होतं असं मनात येतं आणि फार वाईट वाटतं.

गाडी बघायला आली त्या दसऱ्याला ती घरी गेलीच नाही, दुकानात बसून राहिली. व्हॅनचा तळ कापलेला होता. आत डोकावलं की सरळ जमीन दिसत होती. दुपारी तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आधी एका म्हातारीची नुसती हनुवटी दिसली, मग आभाळ, मग कोणाची तरी पिशवी. मागून “अगं, उलटा धर” असा गलका. शेवटी फोन वळला आणि माणसांच्या डोक्यांवर स्तूपाचा पांढरा घुमट आला.

मावशी स्टुलावरून उठली. तिनं चपला काढल्या.

“मावशी, खाली पत्र्याचा कीस पडलाय,” मी म्हणालो. “पायात जाईल.”

तिनं फोन माझ्या हातात दिला. “धर,” म्हणाली, “हलवू नको.” आणि त्या काळ्या डागांच्या फरशीवर अनवाणी उभी राहून तिनं हात जोडले.

पलीकडून म्हाताऱ्या विचारत होत्या, दिसतंय का गं, समदं दिसतंय का. मावशीचे हात जोडलेलेच होते. मग मीच म्हणालो, “दिसतंय.”