कापसाची ओल

तमाम लहानथोर मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, तांदूळ उगवत नाही. कितीही पाणी घाला, कितीही लाडीगोडी लावा, उगवत नाही. हा शोध मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, रिहे खोऱ्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत, भातशेती करणाऱ्या घरांतल्या मुलांसमोर लावला. मुलांना तो आधीच लागलेला होता. ती फक्त बोलली नाहीत.

त्याआधी मी पुण्यात मुलांची नाट्यशिबिरं घ्यायचे. कोल्हा, राजा, खोकणारी म्हातारी, वाटेल ते करून दाखवायचे. शिक्षिकेची नेमणूक फार उशिरा मिळाली आणि इथे आल्या दिवशी माझं नाव पडलं ‘नव्या बाई’. मुख्याध्यापिका त्या ‘मोठ्या बाई’. मूळच्या माले गावच्या, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेल्या, सडपातळ आणि काटक. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी ते पाचवी माझ्याकडे, आणि त्यात विज्ञान!

स्वतःच्या शाळेत असताना प्रयोगवहीतली एकही आकृती मी मैत्रिणीची वही शेजारी असल्याशिवाय काढली नव्हती. मग मी मला जमेल तो मार्ग धरला. सूर्य होऊन टेबलावर चढले. तिसरीतल्या एका मुलीला पृथ्वी केलं आणि ती गरगर फिरून चक्कर येऊन पडली. वर्ग हसून लोळला. मोठ्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“छान झालं,” त्या म्हणाल्या. “आता प्रयोग करा. नाटकातला सूर्य तुमचं ऐकतो. प्रयोगात कुणी ऐकत नाही.”

म्हणून बी रुजवायचा प्रयोग. बशीत कापूस घातला, वर घरच्या डब्यातला उत्तम इंद्रायणी तांदूळ पसरला, तांब्या उंच धरून पाण्याची धार सोडली आणि घोषणा केली, “मंडळी, आठ दिवसांत इथे शेत डोलेल!”

मंडळी बशीकडे बघत राहिली. मग एकमेकांकडे.

पाचव्या दिवशी बशीला आंबूस वास सुटला. मी सांगितलं, बी झोपलंय, त्याला उठवू नका. सातव्या दिवशी सकाळी बशीत हिरव्या सुया उभ्या! मी वर्गात गिरकी घेतली, फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता सहज निरखून पाहिलं, तर दाण्यांना टरफल होतं. ते भात होतं. माझा सडलेला तांदूळ कुठेच नव्हता.

बशी घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. त्या हसता हसता खोकायला लागल्या.

“पोरांनी बदललं. घरी पेरायला मोड आणलेलं होतं, त्यातलं मूठभर आणलं. मला विचारून.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?”

“मी कशाला सांगू? त्यांनी सांगायला पाहिजे. पण नव्या बाई खट्टू होतील अशी भीती वाटली त्यांना. तुमच्यावर जीव आहे हो पोरांचा. भरवसा नाही अजून. ज्या दिवशी एखादं पोर उभं राहून तोंडावर म्हणेल ना, बाई, चुकलात, त्या दिवशी तुम्हाला विज्ञान जमलं. मला कळवा मात्र.”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात कबूल केलं की चूक माझी होती. सगळे फरशीकडे बघत बसले. चक्कर येऊन पडलेली ती पृथ्वी हळूच म्हणाली, “असू द्या की बाई. हुतं कदीमदी.”

त्या प्रयोगातून मला एक गोष्ट मात्र स्वतःच्या डोळ्यांनी दिसली होती. पाणी मी पहिल्या दिवशी एकदाच घातलं होतं, आणि कापूस शेवटपर्यंत ओलाच होता. आयुष्यातलं माझं पहिलं स्वतंत्र निरीक्षण! मी ते फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: कापूस आठ दिवस ओल धरून ठेवतो. मुलांनी मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं.

गणपतीत मोठ्या बाईंचा आवाज बसला. खडूची धूळ, आम्ही म्हटलं. ज्येष्ठमध झालं, वाफारे झाले. संक्रांतीनंतर पुण्याच्या दवाखान्यातून त्या परतल्या तेव्हा कारण कळलं होतं, आणि घशाचं मोठं ऑपरेशन ठरलं होतं. पुढच्या जूनमध्ये त्या शाळेत हजर झाल्या, गळ्याला सुती रुमाल गुंडाळून, हातात पहिलीच्या मुलांची असते तशी पाटी घेऊन. आवाज गेला तो गेलाच.

पण पहिली-दुसरी त्यांनी सोडली नाही. टाळी एकदा म्हणजे बसा, दोनदा म्हणजे उठा. शेवटच्या तासाला त्या माझ्या वर्गात मागे खुर्ची टाकून बसायच्या आणि शाळा सुटली की पाटी पुढे करायच्या: ‘बोललं का कुणी?’

मी मान हलवायचे. नाही.

मग मी लबाडीवर आले. मुद्दाम चुकायला लागले. खडू लोहचुंबकाला चिकटतो म्हणून ठणकावून सांगितलं. मासा नाकाने श्वास घेतो म्हटलं. मुलं गालात हसायची. एक जण म्हणाला, “बाई, तुमी नाटक करताय.” मोठ्या बाईंनी मागून पाटी उचलून दाखवली: ‘हे धरायचं नाही.’

त्या वर्षी बशीत मी शहाण्यासारखं भात घातलं. झकास उगवलं. कापूस माझ्या नियमाप्रमाणे आठही दिवस ओला.

दिवाळीनंतर त्या आल्या नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दोन गाड्या बदलून मालेला जायचे. त्या ओटीवर लोडाला टेकून बसलेल्या असायच्या. त्यांचे मिस्टर चहा ठेवायचे आणि आम्हाला बोलू द्यायला आत निघून जायचे. चहाच्या आधी पाटीवर तोच प्रश्न. दर शनिवारी अक्षरं थोडी वाकडी होत गेली. मनगट इतकं बारीक झालं की बांगडी कोपरापर्यंत सरकायची.

एप्रिलमध्ये मला राहवलं नाही. मी खोटं बोलले. नुसतं बोलले नाही, उभी राहून करून दाखवलं. वर्गातली एक मुलगी कशी ताडकन उठली, कमरेवर हात ठेवून काय म्हणाली, मी कशी गडबडले. पंचवीस वर्षांची सगळी कला ओतली. डोळे मिटून त्या ऐकत होत्या आणि हसण्याने खांदे हलत होते. मग त्यांनी पाटी घेतली. ‘नाटक छान.’ बऱ्याच वेळाने खाली आणखी दोन शब्द लिहिले. ‘वाट बघते.’

मे महिन्यात त्या गेल्या. शाळेला सुट्टी होती. मला बातमी दुसऱ्या दिवशी कळली. मालेला पोचले तेव्हा ओटीवर त्यांची पाटी खुंटीला टांगलेली होती, कुणीतरी स्वच्छ पुसलेली. त्यांचे मिस्टर म्हणाले, “बोला काहीतरी, तिला तुमचं बोलणं फार आवडायचं.” स्टेजवर मी कधी वाक्य विसरले नव्हते. तिथे मी नुसती पाटी खुंटीवरून काढली आणि परत टांगून ठेवली.

या जूनमध्ये शाळा उघडली. दुसरं कुणी अजून आलं नव्हतं, म्हणून पाचही इयत्ता माझ्यापुढे. मागची खुर्ची मी हलवली नाही. बी रुजवायचा धडा आला. भात घेतलं, टरफलासकट, चांगलं निवडून. कापूस पसरला, पाणी घातलं, बशी खिडकीत ठेवली आणि पोषण आहाराच्या नोंदींत बुडून गेले.

सहाव्या दिवशी बशी पाहिली. एकही कोंब नाही. कापूस पापडासारखा कडक.

मुलं बघत होती, म्हणून मी बोलायला लागले. बी जुनं असेल. हवेत गारवा आहे. खिडकीतून उजेड जास्त येतोय. कापूस ओल धरतो हे तर आपण दोन वर्षं पाहिलंय, तेव्हा दोष बियाण्याचा. बोलता बोलता सवयीने मागच्या खुर्चीकडे बघितलं आणि वाक्य मध्येच तुटलं.

पाचवीच्या रांगेत दप्तर धाडकन खाली पडलं. दोन वर्षांपूर्वीची ती पृथ्वी उभी राहिली होती. कान लाल झाले होते, डोळे भरले होते, आणि ती जवळजवळ ओरडलीच:

“बाई, चुकलात तुमी! कापूस काय ओल धरत न्हाई. रोज सकाळी मोठ्या बाई पाणी घालायच्या!”