पिठाच्या डब्याचा फोटो

माझ्या मोठ्या नणंदेला आमची मुलं ‘परत आत्या’ म्हणतात. घरात फोटो काढायचा म्हटलं की ताई सगळ्यांना ओळीने उभं करतात, फोटो काढतात, बघतात आणि म्हणतात, "परत." कुणाची मान अवघडते, कुणाला शिंक येते, धाकट्याला नेमकी तेव्हाच शू लागते. "परत." एकदा आमचे हे वैतागून म्हणाले, "ताई, तुझा फोटो निघेपर्यंत ह्यातलं कुणीतरी म्हातारं व्हायचं."

"तूच होशील. पोट आत घे," ताई म्हणाल्या.

त्यांच्या पायाला भिंगरीच आहे. स्वस्थ बसून जेवताना मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल. पूर्वी त्या एका स्टुडिओत लग्नाचे फोटो नीटनेटके करायच्या. एका नवरीच्या गालावर बोटांचे वळ होते. मालक म्हणाला, तेवढे पुसून टाका. ताई खुर्चीवरून उठल्या त्या थेट घरी आल्या. मग त्यांनी स्वतःचा वर्ग काढला. घरात मार खाणाऱ्या बायका तिथे मोबाइलवर फोटो काढायला शिकतात. चेहरा दाखवायचा नाही, नाव सांगायचं नाही, घरातल्या वस्तूचा फोटो काढायचा, एवढाच त्यांचा नियम. बाहेरून कडी असलेलं झोपायच्या खोलीचं दार. पाठ मोडलेली खुर्ची. भिंतीवर आपटलेला मोबाइल.

ते फोटो मला सुरुवातीला बघवायचे नाहीत. मी म्हटलं होतं, "ताई, घरातलं असं चार लोकांत टांगायचं का?"

"अगं, तुझ्या देवाला बंद दारामागचं दिसतं. बाकीच्यांना टांगूनच दाखवावं लागतं."

काल त्या फोटोंचं प्रदर्शन होतं. सकाळी देवापुढे बसले, पण जपात मन लागेना. ओठ हलत होते आणि कान होते ताईंच्या हाकेकडे. शेवटी देवाला म्हटलं, राहिलेलं तिथे चहा करता करता करीन, आणि त्यांच्याबरोबर निघाले.

सभागृहात फोटो जुन्या चादरींत गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवले होते. नेहमीचा वायरमन आजारी होता, म्हणून त्याने दुसऱ्याला पाठवलं होतं. तो शिडीवर चढून दिवे लावत होता. माणूस हसरा, कामाला चोख. मला म्हणाला, "काकू, चहात साखर जरा सढळ हाताने." मला तो आवडला होता, हेही लिहून ठेवते.

मी मागच्या खोलीत आधण ठेवलं, तेवढ्यात मागच्या दाराने वर्गातली एक मुलगी आत आली. मुलगी म्हणजे एका पोरीची आई, कपड्यांच्या दुकानात काम करणारी. ती फोटो टांगायला मदत करणार होती. पडद्याच्या फटीतून तिने सभागृहात पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"मावशी, शिडीवर माझा नवरा आहे."

तिचा फोटो सगळ्यांत चांगला, असं ताई महिनाभर सांगत होत्या. पिठाचा उघडा डबा, आणि पिठात अर्धे बुडालेले प्लास्टिकच्या पिशवीतले लहान मुलीचे बूट. मला तेव्हा नुसतं गलबलून आलं होतं. त्या पिशवीत बुटांखाली लेकीचे कपडे होते, कागदपत्रं होती. ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी हाताशी असावी म्हणून तिने ती पिठात लपवली होती, कारण पिठाला तो कधी हात लावत नाही. फोटोतही पिशवी तिथेच होती. शेजारी झाकण पडलं होतं. झाकणाची तुटलेली कडी तिच्या नवऱ्यानेच लाल वायरने बांधली होती. इतक्या वेळा फोटो पाहिला आम्ही, उजेड पाहिला, सावली पाहिली. तो पाहील हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी ताईंना चहाच्या निमित्ताने आत बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"फोटो काढून टाकते. अजून चादरीतच आहे. त्याने पाहिलेला नाही."

तिने पुन्हा पडद्याच्या फटीतून पाहिलं. मग म्हणाली, "तो इथे किती वेळ असेल?"

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. "तू म्हणशील तितका वेळ."

ती आली तशीच मागच्या दाराने गेली. आधी घर, मग लेकीची शाळा, मग बायकांचं आश्रयगृह. तिथल्या बाईंना ताईंनी लगेच फोन केला. मग बाहेर जाऊन दाराचा फोटो टांगला, मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "दादा, दिवा जरा खाली."

त्याने खाली घेतला.

"फार झाला. परत."

खुर्चीचा फोटो. "सावली पडतेय. परत." मोबाइलचा फोटो. "डावीकडे. नाही, तुमच्या डावीकडे. परत."

"मॅडम, माझ्या बायकोलाही इतकं नाचवलं नाही मी," तो हसत म्हणाला. मी परत आधण ठेवलं. त्याला दुसरा चहा दिला, मग तिसरा. मनात जप चालू होता, पण प्रत्येक नामाला फोन वाजल्याचा भास होत होता. मध्येच तो म्हणाला, पक्कड घरीच राहिली, जाऊन घेऊन येतो. ताईंनी स्वतःच्या पिशवीतली पक्कड काढून त्याच्या हातात ठेवली.

अखेर फोन वाजला. मीच उचलला.

"पोचलो, मावशी. दोघी."

ताई आत आल्या. "विचार तिला, तिचा फोटो घरी नेऊ का?"

मी विचारलं. मग ती म्हणाली, "लावा की. आता डब्यात नुसतं पीठ आहे."

ताईंनी शेवटची चादर सोडली आणि फोटो टांगला. वायरमन शिडीवर चढला, दिवा फिरवला, आणि त्याचा हात तसाच राहिला. फोटोतल्या लाल वायरीकडे तो कितीतरी वेळ बघत होता.

"ही गाठ माझी आहे," तो म्हणाला.

"हो," ताई म्हणाल्या. "दिवा जरा उजवीकडे घ्या."

तो खाली उतरला. ताईंच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. मी किटली घेऊन त्यांच्या बाजूला गेले. गरम होती, आणि कशाला घेतली होती ते देवाला ठाऊक. तेवढ्यात दारातून पहिली माणसं आत आली, वर्गातल्या बायका आणि त्यांच्यामागे आणखी कुणी. तो हत्यारं तिथेच टाकून बाहेर पडला. पायरीवर उभा राहून फोन लावत होता. लावायचा, कानाला धरायचा, बंद करायचा, पुन्हा लावायचा.

दिवा अर्धवटच राहिला होता. ताई स्वतः शिडीवर चढल्या, मी खालून शिडी धरली. ती थरथरत होती. त्यांच्यामुळे की माझ्यामुळे, कळेना.

"नीट आलाय का गं?"

"थोडा तिरका आहे," मी म्हटलं. "परत?"

"असू दे," ताई म्हणाल्या, आणि पायरीवरच्या त्याच्याकडे बघत खाली उतरल्या.