बिनकॉम्प्रेसरची हवा

मंडळी, इथे सगळे घाबरल्याचे अनुभव लिहितात. मी चिडल्याचा लिहितोय. भूतखेत, आत्मा, संकेत... यातलं काहीही मी मानत नाही. आणि मानायची वेळ आणली, म्हणूनच डोकं फिरलंय.

आमची गाडी बाबांनी घेतलेली. त्यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान होतं. गाडी आता वीसेक वर्षांची. मागच्या काचा उघडत नाहीत, कारण त्या घसरून दारात पडू नयेत म्हणून कुणीतरी लाकडी पाचरी ठोकल्यात. कुणीतरी म्हणजे मीच. व्हिडिओ बघून.

गाडीला एसी आहे, पण बाबांच्या हयातीत तो आम्ही फक्त ऐकून होतो. "पेट्रोल पिते तो" म्हणत त्यांनी हवा कमी-जास्त करायचं गोल बटणच उपसून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. जावई बसले की खिशातून काढायचे, लावायचे, एक नंबरवर फिरवायचे. जावई उतरले की बटण परत खिशात. आई मे महिन्यात मागे बसून पदरानं वारा घ्यायची.

"अहो, लावा ना जरासा."

"आलंच घर."

जवळच्या वाडीहून येत असो की लांबच्या अमरावतीहून, घर नेहमी आलेलंच असायचं.

बाबा गेले, त्याला तीन वर्षं झाली. बटण काही सापडलं नाही. उरलेली दांडी मी पक्कडीनं फिरवतो. तीनपर्यंत जाते, पुढे अडते.

यंदा ऐन मे महिन्यात एसी बिघडला. मेकॅनिकनं कॉम्प्रेसर – म्हणजे हवा थंड करणारा मुख्य भागच – काढून ठेवला आणि "पार्ट येऊन राहिला साहेब" हे एकच वाक्य कित्येक दिवस ऐकवलं. शेवटी मी भांडलो, कॉम्प्रेसर पोत्यात गुंडाळून डिकीत टाकला आणि "दुसरीकडे दाखवतो!" म्हणून तणतणत निघालो. दुसरीकडे अर्थातच दाखवला नाही. ब्रेक मारला की डिकीतून धडाम्! बायको, वर्षा, म्हणायची, "तुमचा राग आदळून राहिला मागे."

त्याच गाडीतून आम्ही भाच्याच्या लग्नाला गेलो, वाडीच्या पुढे एका लॉनवर. वर्षा म्हणाली होती, टॅक्सी करू. मी म्हटलं, "घरची गाडी असताना टॅक्सी?" हे वाक्य माझं नाही, बाबांचं आहे. तोंड फक्त माझं.

परतताना भर दुपारी वाडीच्या गोदामांजवळ एक ट्रक आडवा झाला आणि सगळं ठप्प. पुढे ट्रक, मागे ट्रक. इंजिनचा काटा लाल रेषेवर चढला, म्हणून मी इंजिन बंद केलं. उतरावं, तर सावली फक्त ट्रकाखाली.

मागच्या सीटवर आई. वय ऐंशीच्या घरात. आधी तिनं मला यथेच्छ झोडपलं. "काहून आणलं गा मले या डब्ब्यात? बापावरच गेला तू! सुनेचं तरी ऐकाव ना!" मग ती गप्प झाली. आमची आई ऑपरेशन टेबलवर डॉक्टरांशीसुद्धा वाद घालत होती. ती गप्प म्हणजे...

"अहो, आईंचा घाम थांबला," वर्षा म्हणाली. "अंग तापून राहिलं नुसतं."

पाणी संपलं होतं. ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती निघाली, पण येणार कुठून? वर्षा लग्नाच्या पत्रिकेनं वारा घालत होती. मी हॉर्नवर हात दाबून जगाला शिव्या देत होतो.

आणि डॅशबोर्डमधून आवाज आला. फूंऽऽऽ.

थंड हवा. कोमट नाही, कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजचं दार उघडल्यासारखी. वर्षाच्या हातातली पत्रिका फडफडली. किल्ली माझ्या मुठीत होती. आणि ती दांडी... चारवर. चार नंबरचा आवाज आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता.

मी उतरून डिकी उघडली. पोतं तिथेच. पोत्यात कॉम्प्रेसर, चटका बसेल इतका तापलेला. भीती वाटायला हवी होती. मला इतका संताप आला की मी त्याला लाथ घातली. अंगठ्याचं नख काळं पडलंय, तेवढाच पुरावा माझ्याकडे आहे.

परत आलो, तर वर्षा ट्रकवाल्याकडून मिळालेलं पाणी आईला पाजत होती. आईनं डोळे उघडले. पुढच्या डावीकडच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. शेवटी शेवटी बाबा तिथेच बसायचे.

"आता सुचलं?" ती म्हणाली. आवाज बारीक, पण धार जुनीच. "जन्मभर मागितला मी. तवा तुमचं घर येऊन राहिलं होतं!" मग वर्षाला, "लग्नातली शाल दे वं. थंडी वाजून राहिली."

वाडीत, मे महिन्यात, आई शाल पांघरून बसली.

रस्ता मोकळा झाला, मी किल्ली फिरवली आणि हवा थांबली. दांडी शून्यावर. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "वेळेत थंड जागी नेलंत, म्हणून निभावलं. कुठे नेलं होतं?" मी म्हटलं, "गाडीतच होतो." ते हसले. मेकॅनिकही हसला, "उन्हात असं वाटते साहेब." तिघांना? एकदमच?

माझा प्रश्न बाबांना आहे. इंजिन बंद, कॉम्प्रेसर पोत्यात, पेट्रोलचा थेंब जळत नाही... इतकं फुकट जमत होतं, तर जिवंतपणी एक नंबरवर तरी लावायचा होता ना!

आता कॉम्प्रेसर बसवलाय. एसी झकास. पण आई हट्टानं बाबांच्या सीटवर बसते, आणि मी पक्कड उचलली की माझा हात झटकते.

"तुझा नको. त्यायले लावू दे."

काचा बंद करायला लावते आणि त्या दांडीकडे रोखून बघत बसते. "लावा ना... लावा म्हणते ना!"

दांडी हलत नाही. धडधाकट एसी बंद, आम्ही तिघंही घामानं निथळतोय. वर्षा मागून मला चिमटे काढते. आणि मला आई-बाबा दोघांचाही इतका राग येतो, की समोर बघत गाडी हाकताना तोंडातून एकच निघतं –

"आलंच घर, आई."