पंख्यात अडकलेल्या अक्षता

कॉम्प्युटर काल दुरुस्त होऊन घरी आला. सोबत एक ब्रश, आणि कागदाच्या पुडीत सात तांदूळ.

ब्रशचे साठ, साफसफाईचे दोनशे. तांदळाचे पैसे दत्तबाबूंनी लावले नाहीत.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. माझे यजमान खिदिरपूरच्या बंदरावर कस्टममध्ये होते. रिटायर झाल्यावर बालीगंजच्या ह्या घरात, खिडकीपाशी कॉम्प्युटर मांडून, छोट्या व्यापाऱ्यांचे आयातीचे कागद टाइप करून द्यायचे.

देवाधर्माचं त्यांना वावडं नव्हतं, पण ओढही नव्हती. आरतीला मागे उभे राहायचे, प्रसादाला पुढे.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी पोथी बंद केली. माझा जीव कासावीस. मग हेच सकाळी चष्मा लावून माझं रोजचं स्तोत्र वाचायला बसले.

म्हणाले, "तुझ्या देवाला चालेल का गं माझा आवाज?"

म्हटलं, "देवाचं देव बघेल. मला चालतो."

आठ दिवसांनी कंटाळले आणि माइक लावून सगळं ह्याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवलं. मध्ये एकदा खोकलेत. एकदा कुकरची शिट्टी आहे. एका ठिकाणी शब्द चुकीचा तोडलाय.

वर्षभर मी सकाळी अंघोळ करून तेच ऐकते. स्तोत्र मला पाठ आहे हो. पण आता म्हणताना माझीही जीभ तिथेच अडखळते.

यंदा वर्ष सरलं नव्हतं म्हणून सणवार केले नाहीत. तरी दसऱ्याला ह्यांच्या मशीनची पूजा मात्र केली. ती मी कधीच चुकवली नाही. हळद, कुंकू, फूल, वरून अक्षता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. घर्रर्र झालं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि सगळं तिथेच थांबलं.

मीनल, आमची मुलगी, पुण्याला असते. तिला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, काय लिहिलंय ते वाच."

"सी, पी, यू, फॅन... आणि पुढे एरर."

"खाली?"

"एफ वन दाबा म्हणतंय."

"दाब मग."

दाबलं. दोन मिनिटं चाललं आणि फट्कन बंद.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. ती म्हणेल ती वायर काढली, घातली. दुसऱ्या प्लगला लावून पाहिलं. ह्यांच्या स्टुलावर बसून तासभर तेच चाललं होतं.

शेवटी ती म्हणाली, "आई, जुनं झालंय गं. डिस्क काढून ठेवू आणि बाकीचं भंगारात दे. मी तुला नवीन टॅब पाठवते."

"आणि त्या डिस्कमधून बाबा निघाले नाहीत तर?"

ती हळूच म्हणाली, "माझ्याकडेसुद्धा कॉपी नाहीये. मागायचं मागायचं म्हणून राहून गेलं."

इकडे दुर्गापूजेचे दिवस. कोजागरी होईपर्यंत कोण दुकान उघडतंय? तेवढे दिवस सकाळी माझं मीच स्तोत्र म्हटलं. घर मोठं वाटायला लागलं. दोन खोल्यांचं घर!

दुकानं उघडली तशी मशीन जुन्या सुती साडीत गुंडाळली आणि टॅक्सीत मांडीवर घेऊन एस्प्लनेडला निघाले. दत्तबाबूंचं दुकान, हे नेहमी तिथेच जायचे.

मी त्यांची बौदी, म्हणजे वहिनी. त्यांनी माझ्यासमोर चार स्क्रू काढले, बॅटरी मारून आत पाहिलं आणि हसायलाच लागले.

"बौदी! फिर चावल?"

पंख्याच्या पात्यात तांदूळ अडकले होते. कुंकवाने लाल झालेले. माझ्याच अक्षता, वरच्या जाळीतून आत पडलेल्या. पंखा फिरेना, म्हणून मशीन तापून बंद पडत होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांच्या 'फिर'वर मी अडले.

"फिर मतलब?"

दत्तबाबू म्हणाले, "दादा हर साल आता था। पूजा का पहले। नया ब्रश लेता था, बोलता था चावल निकालना पड़ेगा। हम बोला, दादा, बौदी को बोलिए ना, ऊपर से मत डालो।"

"तो?"

"दादा बोला, खबरदार! साल में एक दिन मेरा काम को नमस्कार करती है। वो हम बंद नहीं कराएगा।"

हे दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन उघडून बसायचे. मी ओरडायचे, "सणाचा पसारा आवरला नाही अजून, आणि तुमचा स्क्रूड्रायव्हर कुठे निघाला?"

म्हणायचे, "धूळ झालीय गं."

धूळ!

इतकी वर्षं मी अक्षता वाहिल्या आणि ह्यांनी त्या एकेक करून वेचल्या. मला पत्ता नाही. वर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

दत्तबाबूंनी पंखा साफ केला. मशीन चालू झाली. रेकॉर्डिंग शाबूत आहे. मीनलला रात्री पाठवलं. तिने ऐकलं आणि फोनवर नुसती रडत राहिली.

आज सकाळी आवाज घरात परत आला. ऐकत बसले होते, पण लक्ष स्तोत्रात नव्हतं. एकच विचार. आणखी काय काय असेल?

अहो, सांगितलं असतंत तर मी दोन अक्षता बाजूला ठेवल्या असत्या. तुम्हाला एक शब्द बोलले नसते. बरं, बोलले असते. पण मग चहा तरी करून दिला असता.

आता हे बाकीच्यांसाठी. ह्यांचे खिदिरपूरचे सोबती, मराठी मंडळातली माणसं, खालचे शेजारी, सगळेच वाचताय. ह्यांनी माझ्या नकळत माझं आणखी काय निस्तरलं, हे कुणाला ठाऊक असेल तर मला सांगा. त्यांनी "हिला सांगू नका" म्हटलं असेल, तरीही सांगा. त्या शब्दातून आता मी तुम्हाला मोकळं करते.

ह्या पोस्टखाली हात जोडलेली चित्रं नकोत. फोनही नको, मला बोलवणार नाही.

एका कार्डावर दोन ओळी लिहा, उलट टपाली. पत्ता बालीगंजचाच आहे, बदललेला नाही.

मी वाट बघते आहे.